वाढता पट, टिकाऊ इमारती: अमेरिकेतील शालेय जिल्ह्यांच्या बांधकाम-खर्चाचा आढावा

शाळेची इमारत एकदा उभी राहिली की पन्नास वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ वापरात राहते. ज्या मुलांसाठी ती घाईने बांधली जाते त्यांची लाट मात्र पंधरा-वीस वर्षांत ओसरू लागते. अमेरिकेतील वेगाने वाढलेल्या सार्वजनिक शालेय जिल्ह्यांनी गेल्या चार-पाच दशकांत बांधकामाचे जे व्यवहार केले, त्यांतील यशाचे आणि फजितीचे मूळ बहुतेक वेळा या दोन मुदतींच्या विसंगतीत सापडते. खर्चाची सार्वजनिक चर्चा प्रति चौरस फूट दराभोवती फिरत असली तरी तो दर हा साखळीतील शेवटचा दुवा असतो. किती मुले येणार याचा अंदाज, इमारत उभी होईपर्यंत त्यांची करायची सोय, कर्जाची मुदत आणि जागेची निवड हे निर्णय त्याआधीच झालेले असतात, आणि निविदा उघडली जाते तेव्हा खर्चाचा मोठा भाग ठरून गेलेला असतो. प्रस्तुत लेखात या निर्णयांचा त्याच क्रमाने आढावा घेतला असून, अंदाज चुकल्यास त्याची झळ कोणाला बसते हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर विचारला आहे.

शालेय जिल्हा आणि त्याची तिजोरी

जिल्हा म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जिल्हाधिकारी कचेरी आणि जिल्हा परिषद येते. अमेरिकेतील शालेय जिल्हा ही त्याहून वेगळी संस्था आहे. केवळ शिक्षणापुरती स्थापलेली, बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेल्या मंडळाच्या हाती कारभार असलेली आणि पुष्कळ राज्यांत मालमत्ता कर आकारण्याचा व कर्ज उभारण्याचा अधिकार असलेली ती स्थानिक संस्था होय. देशात असे तेरा हजारांहून अधिक जिल्हे आहेत. काहींचा पट शंभराच्या आत असतो, तर लास व्हेगास शहर ज्यात येते त्या नेवाडातील क्लार्क काउंटी जिल्ह्याचा पट तीन लाखांच्या घरात आहे.

दैनंदिन खर्चात राज्य सरकारांचा वाटा मोठा असतो, परंतु इमारतींचा भार आजही मुख्यतः स्थानिक करदात्यांवर आहे. देशभरातील शालेय इमारतींची पाहणी करणाऱ्या २०१६ च्या एका बहुचर्चित अहवालानुसार भांडवली खर्चाचा सुमारे ८२ टक्के भाग जिल्ह्यांनी आणि १८ टक्के भाग राज्यांनी उचलला होता, तर संघराज्य सरकारचा वाटा नाममात्र होता. इमारती बांधणे आणि सांभाळणे यांवर वर्षाला सुमारे ९९ अब्ज डॉलर खर्च होत असताना गरज १४५ अब्जांची आहे, असाही त्या अहवालाचा हिशेब होता. ज्या जिल्ह्यात कारखाने, कार्यालये किंवा महागडी घरे आहेत तेथे अल्प दराच्या करातूनही मोठी रक्कम जमते, आणि जेथे ती नाहीत तेथे जड कर लावूनही छप्पर दुरुस्त होत नाही, ही विषमता यातूनच जन्मली. ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तेथील भांडवली निधीची पद्धत घटनाबाह्य ठरवली, तर न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गरीब शहरी जिल्ह्यांच्या इमारतींचा संपूर्ण खर्च राज्याने करावा असा आदेश दिला. अशा निर्णयांमुळे अनेक राज्ये बांधकामाच्या क्षेत्रात उतरली, पण मूळ रचना स्थानिकच राहिली.

पटाचा अंदाज

नवी शाळा मंजूर होऊन तिची घंटा वाजेपर्यंत जागा, आराखडा, परवानग्या आणि बांधकाम धरून तीन ते पाच वर्षे सहज जातात. म्हणून आज वर्गात असलेल्या मुलांवरून नव्हे, तर पाच-दहा वर्षांनी येणाऱ्या मुलांवरून निर्णय घ्यावा लागतो. त्यासाठीची सर्वांत रूढ पद्धत एका इयत्तेतून पुढच्या इयत्तेत किती मुले जातात याच्या गुणोत्तरावर उभी आहे. समजा, यंदा पहिलीत १००० मुले आहेत आणि पुढील वर्षी दुसरीत १०४० आढळली, तर हे गुणोत्तर १.०४ झाले. गेल्या काही वर्षांच्या अशा गुणोत्तरांची सरासरी काढून ती प्रत्येक इयत्तेला लावली, आणि बालवर्गासाठी पाच वर्षांपूर्वीची जन्मनोंद घेतली, की पुढील पटाचे कोष्टक तयार होते. पद्धत सोपी आणि स्वस्त आहे. तिचा दोष एवढाच की कालचे स्थलांतर उद्याही तसेच चालू राहील असे ती गृहीत धरते.

वाढत्या उपनगरांत म्हणून तिला दुसऱ्या मोजमापाची जोड दिली जाते: दर नव्या घरामागे शाळेत येणारी मुले. स्वतंत्र बंगलीतून साधारणपणे सदनिकेपेक्षा अधिक मुले येतात, परंतु हे प्रमाण घराच्या वयाबरोबर बदलते. तरुण कुटुंबे राहायला आली की पाच-दहा वर्षे प्राथमिक शाळा भरून वाहतात, मग तीच मुले माध्यमिक शाळेत गर्दी करतात, आणि त्यानंतर मुले घर सोडून जातात पण आईवडील तेथेच राहतात; त्यामुळे घरांची संख्या न घटताही पट घटतो. टेक्सासमधील फ्रिस्को जिल्ह्याचा पट १९९० च्या सुमारास दोन हजारांच्याही आत होता आणि तीन दशकांत तो साठ हजारांच्या पुढे गेला. अशा ठिकाणी जुन्या गुणोत्तरांपेक्षा मंजूर झालेल्या वसाहतींचे नकाशे अधिक उपयोगी पडतात. या वाढीत मोठा वाटा असलेल्या भारतीय कुटुंबांत मराठी कुटुंबेही आहेत. त्यांतील नोकरीच्या व्हिसावर आलेली माणसे घर घेऊन मालमत्ता कर भरतात, त्यांची मुले पटावर येतात, पण बांधकामाच्या कर्जावर मत देण्याचा अधिकार त्यांना नसतो; करदाता, लाभार्थी आणि मतदार हे तीन गट एकच असतात हे लोकशाही गृहीतक अशा उपनगरांत ढिले पडते.

अंदाज किती झटक्यात फिरू शकतो हे क्लार्क काउंटीने पाहिले. १९९८ मध्ये तेथील मतदारांनी दहा वर्षांच्या मोठ्या बांधकाम कार्यक्रमाला मंजुरी दिली. मालमत्ता कराच्या जोडीला हॉटेलच्या खोल्यांवरील कर आणि मालमत्ता हस्तांतरणावरील कर यांचेही उत्पन्न त्यासाठी बांधून देण्यात आले. दशकभरात पट सुमारे दोन लाखांवरून तीन लाखांवर गेला. त्यानंतर २००८ च्या आर्थिक संकटात घरबांधणी कोसळली, आणि ज्या वाढीने शाळांची गरज निर्माण केली होती तिच्याच कोसळण्याने त्यांच्या निधीचे झरेही आटले. वाढीवर आधारलेल्या करातून वाढीचा खर्च भागवण्याची सोय जितकी आकर्षक तितकीच ती नाजूक, हा या प्रकरणाचा धडा आहे.

इमारतीऐवजी वेळ आणि डबे

अंदाजावर पूर्ण विश्वास नसलेला जिल्हा बांधकाम लांबवण्याचे मार्ग शोधतो. पहिला मार्ग हद्दींच्या फेररचनेचा: भरलेल्या शाळेच्या क्षेत्रातील काही वस्ती रिकाम्या शाळेला जोडायची. यात पैसा लागत नाही, परंतु शाळा पाहून घर घेतलेल्या पालकांचा रोष इतका तीव्र असतो की मंडळाचे सदस्य निवडणुकीपूर्वी हा विषय टाळतात.

दुसरा मार्ग कारखान्यात तयार होऊन ट्रकवरून येणाऱ्या, मैदानाच्या कडेला ठेवता येणाऱ्या तात्पुरत्या वर्गखोल्यांचा. पट ओसरला की त्या हलवता येतील हे त्यांचे समर्थन असते. प्रत्यक्षात असंख्य ठिकाणी त्या दशकानुदशके जागच्या हलत नाहीत. वर्ग वाढतात, पण भोजनगृह, ग्रंथालय, स्वच्छतागृहे आणि मैदान पूर्वीएवढेच राहते, आणि हलक्या बांधणीमुळे त्यांच्या वातानुकूलनाचा व देखभालीचा खर्च प्रति चौरस फूट अधिक येतो.

तिसरा मार्ग वेळेचा आहे. बहुगटी बारमाही शाळेत मुलांचे चार गट करून कोणत्याही दिवशी तीनच गट शाळेत असतील अशी योजना केली जाते. प्रत्येक गट साधारणपणे ४५ दिवस शाळा आणि १५ दिवस सुट्टी अशा आवर्तनात चालतो. ७५० मुलांसाठी बांधलेल्या इमारतीत अशा रीतीने १००० मुले बसू शकतात, म्हणजे कागदावर क्षमता एक तृतीयांशाने वाढते. नॉर्थ कॅरोलायनातील वेक काउंटीत १९९९ मध्ये ६५ कोटी डॉलरचा कर्जप्रस्ताव मतदारांनी फेटाळला होता. २००६ मध्ये ९७ कोटी डॉलरचा प्रस्ताव मंजूर झाला, तरीही तो पुरणार नाही म्हणून अनेक शाळा बारमाही करण्याचे ठरले. संमतीशिवाय मुलांना बारमाही शाळेत घालता येणार नाही असा दावा पालकांनी केला, तो २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला. एकाच घरातील दोन भावंडांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या महिन्यांत आल्यावर घराची जी ओढाताण होते, तिची नोंद मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही.

लॉस एंजेलिसमध्ये हीच युक्ती टोकाला गेली. तेथील तीन गटांच्या एका योजनेत मुलांना वर्षाला १८० ऐवजी १६३ दिवसच शाळा मिळे आणि उरलेली भरपाई दिवस थोडा लांबवून केली जाई. ही योजना प्रामुख्याने गरीब, स्थलांतरित वस्त्यांतील शाळांवर लादली गेल्यामुळे २००० मध्ये राज्याविरुद्ध दाखल झालेल्या विल्यम्स खटल्यात ती एक मुद्दा बनली. २००४ च्या तडजोडीने ती २०१२ पर्यंत बंद करण्याचे ठरले. जी इमारत बांधली गेली नाही तिची किंमत कोणीतरी भरतेच, आणि येथे ती मुलांच्या शाळेच्या दिवसांतून वसूल झाली.

कर्जाचे गणित

बांधकामाचा मुख्य आधार म्हणजे कर्जरोखे: जिल्हा गुंतवणूकदारांकडून एकरकमी पैसा घेतो आणि वीस-तीस वर्षे मालमत्ता करातून मुद्दल व व्याज फेडतो. या व्याजावर संघराज्याचा प्राप्तिकर नसल्याने व्याजदर कमी पडतो. इमारतीचा उपयोग पुढील पिढ्यांनाही होणार असल्यामुळे तिचा खर्च वर्षांवर वाटून घेणे न्याय्य मानले जाते, परंतु बहुतेक राज्यांत त्यासाठी सार्वमत लागते आणि त्याची अट राज्याराज्यांत बदलते. टेक्सासमध्ये साधे बहुमत पुरते, पण २०१९ च्या कायद्याने मतपत्रिकेवर ही मालमत्ता करातील वाढ आहे असे ठळक विधान छापणे सक्तीचे केले. वॉशिंग्टन राज्यात ६० टक्के, तर आयडाहोत दोन तृतीयांश मते लागतात.

कॅलिफोर्नियाचा इतिहास या अटींचा परिणाम स्पष्ट करतो. १९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या तेराव्या प्रस्तावाने मालमत्ता कर एक टक्क्यावर गोठवला आणि शाळांसाठी स्थानिक कर्ज जवळजवळ अशक्य केले. १९८६ मध्ये दोन तृतीयांश मतांच्या अटीवर ते पुन्हा शक्य झाले. २००० च्या ३९ व्या प्रस्तावाने ही अट ५५ टक्क्यांवर आणली, मात्र त्या बदल्यात नागरिकांची देखरेख समिती आणि वार्षिक लेखापरीक्षण बंधनकारक केले. मतदाराचा विश्वास आणि हिशेबाची पारदर्शकता यांचा असा उघड सौदा अन्यत्र क्वचितच आढळतो.

नव्या वसाहतींमुळे येणारा भार त्या वसाहतींनीच उचलावा, या विचारातून विकसक शुल्क आले. कॅलिफोर्नियात १९८६ पासून बांधलेल्या चौरस फुटांवर असे शुल्क घेता येते. १९९८ च्या कायद्याने त्याच्या तीन पातळ्या ठरवल्या. पहिली ठरावीक दराची, दुसरी नव्या शाळेच्या साधारण निम्म्या खर्चाची, आणि राज्याचा निधी संपल्यास लागू होणारी तिसरी जवळपास पूर्ण खर्चाची. फ्लोरिडाने २००५ मध्ये एक पाऊल पुढे टाकून शाळेत जागा उपलब्ध असल्याखेरीज वसाहतीला परवानगी नाही असा नियम सक्तीचा केला, पण २०११ मध्ये तो ऐच्छिक करण्यात आला. शुल्काचा बोजा अखेर घराच्या किमतीत मिसळतो, त्यामुळे जुन्या रहिवाशांना तो सोयीचा वाटतो आणि नव्याने येणाऱ्याला दिसतही नाही.

कर न वाढवता कर्ज घेण्याचा मोह कोठवर नेतो, याचे उदाहरण सॅन दिएगोजवळील पोवे जिल्ह्याने घालून दिले. २०११ मध्ये त्याने सुमारे १०.५ कोटी डॉलर अशा रोख्यांतून उभारले, की ज्यांवर पहिली वीस वर्षे काहीच फेडायचे नव्हते आणि व्याज मुद्दलात साचत जाणार होते. परतफेडीची एकूण रक्कम सुमारे ९८ कोटी डॉलर, म्हणजे नऊ पटींहून अधिक झाली. करदर न वाढवण्याचे आश्वासन अक्षरशः पाळले गेले, पण बिल त्यावेळी मतदानाचे वय नसलेल्यांच्या नावे फाडले गेले. या प्रकरणाच्या गदारोळानंतर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा रोख्यांची परतफेड मुद्दलाच्या चौपटीपर्यंत आणि मुदत २५ वर्षांपर्यंत मर्यादित केली.

जागा, आराखडा आणि ठेका

निधी हाती आल्यावर सर्वांत महाग पडणारी चूक जागेची असते. लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती भागात १९९७ मध्ये सुरू झालेले बेलमाँट शिक्षणसंकुल जुन्या तेलक्षेत्रावर होते. जमिनीतील मिथेन व हायड्रोजन सल्फाइड वायूंमुळे २००० मध्ये मंडळाने ते अर्धवट सोडले. पुढे ते पूर्ण करण्याचा विचार झाला तेव्हा जागेखाली भूकंपप्रवण भ्रंश आढळला. अखेर काही भाग पाडून, आराखडा बदलून २००८ मध्ये दुसऱ्या नावाने शाळा उघडली. त्याच शहरात, १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांच्यावर जेथे गोळ्या झाडल्या गेल्या त्या अँबॅसेडर हॉटेलच्या जागी २०१० मध्ये उघडलेल्या शाळासमूहाला ५७.८ कोटी डॉलर लागले. दाट शहरातील जमिनीची किंमत, दीर्घ न्यायालयीन वाद आणि वास्तूच्या जतनाचे आग्रह यांनी हा आकडा फुगवला. उपनगरी जिल्हे यावर उपाय म्हणून शेतजमीन असतानाच पुढील शाळांच्या जागा घेऊन ठेवतात किंवा विकसकाकडून त्या मिळवतात. अंदाज चुकल्यास जमीन विकता येते, अर्धी बांधलेली शाळा विकता येत नाही.

आराखड्यातील बचतीचा प्रमुख मार्ग म्हणजे एकच नमुना अनेक जागी वापरणे. दर वर्षी अनेक शाळा उघडणाऱ्या क्लार्क काउंटीसारख्या जिल्ह्याला त्याशिवाय गत्यंतर नव्हते: वास्तुविशारदाचे काम कमी होते, पहिल्या इमारतीतील चुका दुसरीत सुधारतात आणि ठेकेदाराला दराचा अंदाज नेमका बांधता येतो. चढउताराच्या जमिनीवर किंवा आटोपशीर शहरी भूखंडावर मात्र तयार नमुना बसवताना होणारा खर्च ही बचत गिळून टाकतो. काही खर्च कमी करता येण्याजोगेही नसतात. १० मार्च १९३३ च्या लाँग बीच भूकंपात अनेक शाळा कोसळल्या. धक्का संध्याकाळी बसल्यामुळे वर्ग रिकामे होते. महिन्याभरातच आलेल्या फील्ड कायद्याने कॅलिफोर्नियातील शाळांच्या बांधकामावर राज्याच्या वास्तुविभागाची कडक तपासणी बसवली. ती वेळखाऊ आहे अशी तक्रार आजही होते, परंतु तिच्यामागे त्या रिकाम्या वर्गांची आठवण आहे.

ठेक्याच्या पद्धतींत पूर्वापार चालत आलेली रीत म्हणजे आराखडा पूर्ण करायचा, निविदा मागवायच्या आणि पात्र ठेकेदारांतील सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला काम द्यायचे. तिच्यात स्पर्धा उघड असते, पण आराखड्यातील प्रत्येक त्रुटी वाढीव कामाच्या मागणीत रूपांतरित होते. दुसऱ्या पद्धतीत बांधकाम व्यवस्थापक आराखड्याच्या वेळीच सामील होतो आणि काम एका कमाल किमतीच्या आत पुरे करण्याची हमी देतो. यात वाद कमी होतात, पण ती हमीची किंमत योग्य आहे की नाही हे ताडण्यासाठी जिल्ह्याकडे स्वतःचा जाणकार कर्मचारीवर्ग असावा लागतो. तसा नसताना पैशाचा ओघ आला तर काय होते हे न्यू जर्सीत दिसले. न्यायालयीन आदेशानंतर तेथे २००० मध्ये ८.६ अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर झाला आणि त्यासाठी स्वतंत्र महामंडळ नेमले गेले. काही वर्षांतच राज्याच्या महानिरीक्षकांनी त्यातील ढिसाळ नियंत्रणावर ताशेरे ओढले, नियोजित शाळा पूर्ण होण्याआधी निधी संपत आला, आणि २००७ मध्ये महामंडळ बरखास्त करून नवी यंत्रणा आणावी लागली.

खर्चाचे फलित

एवढ्या पैशातून शिक्षण सुधारते का, या प्रश्नाचे उत्तर संशोधकांनी चातुर्याने शोधले आहे. थोडक्या मतांनी मंजूर झालेल्या आणि थोडक्या मतांनी फेटाळलेल्या कर्जप्रस्तावांचे जिल्हे एरवी सारखेच असतात, म्हणून त्यांची तुलना केली की बांधकामाचा परिणाम वेगळा काढता येतो. स्टेफनी सेलिनी, फर्नांडो फेरेरा आणि जेसी रॉथस्टीन यांनी २०१० मध्ये कॅलिफोर्नियाबाबत दाखवले की प्रस्ताव मंजूर झाल्यावर घरांच्या किमती वाढतात. परीक्षेतील गुणांवरचा परिणाम मात्र लहान आणि अनिश्चित होता. टेक्सासबाबतच्या एका अभ्यासातही गुणांत फारसा फरक आढळला नाही. याउलट ज्युलियन लाफॉर्च्यून आणि डेव्हिड शॉनहोल्त्सर यांच्या २०२२ च्या अभ्यासात, लॉस एंजेलिसमध्ये गर्दीच्या शाळांतून नव्या इमारतींत गेलेल्या मुलांची प्रगती ठळक दिसली. बार्बरा बियासी यांच्यासह त्यांनी पुढे केलेल्या देशव्यापी अभ्यासाने ही विसंगती उलगडली: वातानुकूलन, छप्पर आणि नळयंत्रणा यांवरील खर्चाने गुण वाढतात, तर क्रीडासुविधांवरील खर्चाने घरांच्या किमती वाढतात पण गुण वाढत नाहीत. टेक्सासच्या ॲलन जिल्ह्याने सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून २०१२ मध्ये अठरा हजार आसनांचे फुटबॉल मैदान उघडले आणि काँक्रीटला तडे गेल्यामुळे २०१४ मध्ये ते काही काळ बंद ठेवावे लागले. मतदार कशासाठी मत देतो आणि मुलांना कशाचा लाभ होतो यांतील अंतर अशा उदाहरणांत दिसते.

ओहोटीचा हिशेब

लॉस एंजेलिसने १९९७ ते २०१७ या काळात १३१ नवी शाळासंकुले बांधली आणि २०१७ मध्ये शेवटची बारमाही शाळा नेहमीच्या वेळापत्रकावर आणली. बांधकामाच्या इतिहासात ही मोठी कामगिरी ठरते. परंतु तेथील पटाने २००३-०४ च्या सुमारास सुमारे साडेसात लाखांचा माथा गाठला होता आणि नंतर तो सतत उतरत गेला. २०२० नंतर, चार्टर शाळा (सार्वजनिक निधीवर पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या) धरूनही, तो साडेपाच लाखांच्या आसपास आला. म्हणजे अनेक इमारतींचे दरवाजे उघडले तेव्हा लाट परतू लागली होती. त्या बांधायलाच नको होत्या असा याचा अर्थ होत नाही, कारण १६३ दिवसांची शाळा त्यांच्यामुळेच संपली. मात्र रिकाम्या वर्गांची देखभाल आणि शाळा बंद करण्याचे वाद हा त्याच कार्यक्रमाचा उत्तरार्ध ठरला.

देखभालीचा हिशेब बांधकामाच्या वेळी मांडला जात नाही, हे या उत्तरार्धाला कठीण बनवते. इमारतीच्या पुनर्बांधणी-मूल्याच्या २ ते ४ टक्के रक्कम दरवर्षी देखभालीवर खर्चावी असा मापदंड अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९० मध्ये सुचवला होता. कर्जरोख्यांचा पैसा बहुधा इमारतीपुरताच वापरता येतो आणि देखभाल पगारांच्या खात्यातूनच भागवावी लागते, त्यामुळे तंगी आली की प्रथम तीच कापली जाते. देशाच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२० मध्ये दिलेल्या अंदाजानुसार ४१ टक्के जिल्ह्यांना आपल्या किमान निम्म्या शाळांतील तापमान व वायुवीजन यंत्रणा बदलण्याची किंवा सुधारण्याची गरज होती.

या सर्व साधनांकडे एकत्र पाहिले असता प्रत्येक साधन अंदाज चुकण्याचा धोका कोणाच्या तरी खांद्यावर ठेवते असे दिसते. तात्पुरत्या खोल्या आणि बारमाही वेळापत्रक तो धोका मुलांवर आणि त्यांच्या घरांवर टाकतात, विकसक शुल्क नव्या रहिवाशांवर, राज्याचा निधी दूरच्या करदात्यांवर आणि लांब मुदतीचे कर्ज पुढच्या पिढीवर. ज्याला मत नाही किंवा आवाज नाही त्याच्याकडे तो सरकवणे सर्वांत सोपे असते, आणि 'स्वस्त' म्हणून गौरवलेले बरेच पर्याय याच अर्थाने स्वस्त असतात. म्हणून वाढत्या जिल्ह्याच्या प्रत्येक बांधकाम प्रस्तावात प्रति चौरस फूट दराशेजारी आणखी दोन रकाने असायला हवेत: पट उतरू लागल्यावर या इमारतीचे काय करायचे, आणि तेव्हाही तिचे हप्ते कोण भरत असेल. हे दोन रकाने भरल्याशिवाय मांडलेला खर्च, बेरीज कितीही बरोबर असली तरी, अपुराच राहतो.